रेकॉर्डिंगमधला दुसरा आवाज

माझ्या फोनमध्ये 'आजी गिरणगाव 1' नावाची एक फाइल आहे. लांबी 11 मिनिटं 40 सेकंद. 'आजी गिरणगाव 2' कधी झालीच नाही.

आजी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून लग्न होऊन लालबागला आली आणि चाळीतल्या एका खोलीत तिनं पंचवीस वर्षं खानावळ चालवली. गिरणीत तीन पाळ्या, त्यामुळे तिच्या चुलीलाही तीन पाळ्या. मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या वर्गाला घरातल्या जुन्या माणसाची मुलाखत घ्यायला सांगितलं होतं. मी मोठ्या हौसेनं विषय घेतला: 1982 चा गिरणी संप. फोन आजीच्या पुढ्यात ठेवला, लाल बटण दाबलं.

सातव्या मिनिटाला आजी म्हणते, "त्या वर्षी मेंबर गावाला गेले ते गेलेच. वहीत उधारी तशीच. मग मी काय केलं, माझं मंगळसूत्र..." आणि तिथे एक उत्साही आवाज मध्ये घुसतो, "आजी, ते नंतर सांग. संपाचं सांग ना. दत्ता सामंतांना पाहिलं होतंस का?"

आजी थांबते. मग म्हणते, "लांबनं बघितलं गो."

पुढची साडेचार मिनिटं सभेबद्दल आहेत. त्यात पुस्तकात सापडणार नाही असं काहीही नाही. मंगळसूत्राचं काय झालं, ते मला माहीत नाही. आजीला जाऊन आता सहा वर्षं झाली. तो उत्साही आवाज अर्थातच माझा होता.

साध्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून त्यांच्या समाजाचा इतिहास जपायचा, या कामाबद्दल अलीकडे खूप चांगलं बोललं जातं. स्थलांतरित, अल्पसंख्य, दलित, कामगार, बायका, ज्यांची नोंद सरकारी दफ्तरात झाली नाही किंवा झाली ती फक्त आकडा म्हणून, त्यांचा 'आवाज' आता जपला जातोय, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण अशा प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये आवाज दोन असतात, एक सांगणाऱ्याचा आणि एक विचारणाऱ्याचा. दुसरा आवाज बहुतेक वेळा कापला जातो. माझं म्हणणं असं, की तो कापला की पहिल्या आवाजाचा अर्थही अर्धा हातातून जातो. या लेखात मी अशा काही प्रसिद्ध संग्रहांकडे आणि पुस्तकांकडे याच एका कसोटीने बघणार आहे: विचारणाऱ्याचं काय केलं?

एक बाई, दोन जबान्या

सुरुवात अमेरिकेतल्या एका जुन्या कामापासून करू, कारण ही अडचण तिथे जितकी उघडी दिसते तितकी क्वचितच कुठे दिसते.

1930 च्या दशकातली महामंदी. बेकार लेखकांना काम मिळावं म्हणून सरकारने 'फेडरल रायटर्स प्रोजेक्ट' नावाची योजना काढली. तिच्यात 1936 ते 1938 या काळात एक मोठं काम झालं. गुलामगिरी प्रत्यक्ष भोगलेली जी माणसं अजून हयात होती, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. गुलामगिरी संपून सत्तर वर्षं उलटली होती, त्यामुळे सांगणारे बहुतेक जण ऐंशीच्या आसपास किंवा पुढचे. 2,300 हून जास्त माणसांच्या आठवणी जमल्या. आज त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर कुणालाही फोनवर वाचता येतात. हे काम झालं नसतं तर त्या पिढीचं स्वतःच्या तोंडचं फार थोडं उरलं असतं.

पण विचारायला गेलेले बहुतेक जण गोरे होते. दक्षिणेतल्या त्याच गावांतले, कधीकधी जुन्या मालकांच्याच नात्यागोत्यातले.

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात सुझन हॅमलिन नावाची एक वृद्ध बाई राहायची. वय शंभरच्या पुढे सांगायची. तिची मुलाखत दोनदा झाली. पहिल्यांदा जेसी बटलर नावाची गोरी बाई गेली. सुझनला वाटलं, ही मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसातून आली आहे. बटलरने तो गैरसमज दूर केला नाही आणि तसं स्वतःच्या टिपणात लिहूनही ठेवलं. या मुलाखतीत सुझनचा मालक दयाळू आहे आणि जुने दिवस फारसे वाईट नाहीत.

दुसऱ्यांदा ऑगस्टस लॅडसन गेला. तो काळा होता. त्याच्या टिपणात तीच बाई, तोच मालक, तेच शहर. पण इथे फटके आहेत, रक्त आहे. मुलं विकली गेल्यावर आक्रोश करणाऱ्या आया आहेत, एकमेकांपासून तोडलेली नवरा-बायको आहेत.

यातली कोणती जबानी खरी, असा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो. मला तो थोडा चुकीचा वाटतो. पहिली जबानी खोटी म्हणून फेकून दिली, तर मंदीच्या काळात पोटासाठी सरकारी मदतीवर अवलंबून असलेली शंभरीची काळी बाई, दारात उभ्या असलेल्या गोऱ्या बाईशी काय बोलू शकत होती, याचा पुरावाच आपण फेकून देतो. ती जबानी 1850 च्या दशकाबद्दल कमी सांगते, पण 1930 च्या दशकाबद्दल भरपूर सांगते. आणि हे आपल्याला कळतं ते फक्त एका कारणाने: बटलरने आपण कोण आहोत, कशा गेलो, काय लपवलं हे टिपणाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं. ती ओळ नसती, तर आपल्या हाती नुसती 'मालक चांगला होता' असं सांगणारी एक बाई उरली असती. आणि गुलामगिरी तशी वाईट नव्हती म्हणणाऱ्यांनी ती बाई किती वेळा साक्षीला उभी केली असती, याची कल्पना करा.

चाळीस मिनिटांची खोली

आता त्याच देशातल्या, अगदी वेगळ्या स्वभावाच्या कामाकडे येऊ. 2003 साली डेव्ह आयझे या रेडिओवाल्याने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक छोटी खोली उभी केली. उद्घाटनाला स्टड्स टर्कल आले होते. सामान्य माणसांच्या मुलाखती घेण्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस, तेव्हा नव्वदी पार केलेला. या उपक्रमाचं नाव 'स्टोरीकॉर्प्स'. कल्पना साधी आहे. एकमेकांना ओळखणारी दोन माणसं खोलीत बसतात, बाप-लेक, नवरा-बायको, जुने मित्र. चाळीस मिनिटं बोलतात. मदतीला एक कार्यकर्ता असतो, पण तो शक्यतो बोलत नाही. संमती असेल तर रेकॉर्डिंग लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जातं. पुढे फिरत्या गाड्या आल्या, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजांसाठी खास मोहिमा निघाल्या आणि 2015 पासून फोनवरचं अॅपही आलं.

'विचारणाऱ्याचं काय केलं?' ही कसोटी लावली तर स्टोरीकॉर्प्स पहिल्या नजरेत पैकीच्या पैकी गुण घेऊन जातं. इथे दारात अनोळखी अधिकारी उभा नाही, विचारणारी सांगणाऱ्याचीच मुलगी आहे. दोन्ही आवाज मूळ रेकॉर्डिंगमध्ये आहेत. जेसी बटलरची अडचणच संपली.

पण तिच्या जागी दुसरी आली. बहुतेक लोकांपर्यंत पोचतो तो चाळीस मिनिटांचा संवाद नव्हे, तर त्यातून कापलेली दोन-तीन मिनिटांची रेडिओची फीत. ती कापताना काय ठेवायचं? ज्या क्षणी गळा दाटून येतो तो क्षण. अलेक्झांडर फ्रॉइंड या इतिहासकाराने 2015 मध्ये यावर कडक टीका केली होती. या प्रकारात प्रत्येक दुःख एका माणसाच्या जिद्दीची गोष्ट होतं आणि ते दुःख निर्माण करणारी व्यवस्था चित्रातून बाहेर राहते, असा तिचा रोख. मला ही टीका पूर्ण पटत नाही, पण तिच्यातलं हे पटतं: घरातलं माणूस घरातलेच प्रश्न विचारतं. "तू आमच्यासाठी किती केलंस?" हा प्रश्न लेक विचारेल. "तुला पगार किती होता आणि तुझ्या शेजारच्या गोऱ्या माणसाला किती?" हा प्रश्न सहसा विचारणार नाही. विचारला, तरी रेडिओवर येईलच असं नाही.

म्हणजे माया असणं पुरेसं नाही. मीही आजीची नातच होते.

अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांचं डिजिटल अभिलेखागार 'साडा' 2008 मध्ये सुरू झालं. त्यांच्या 'फर्स्ट डेज' या उपक्रमात, 2013 पासून, स्थलांतरितांना अमेरिकेतला आपला पहिला दिवस सांगायला सांगतात. मला हा प्रश्न हुशार वाटतो, कारण तो लहान आहे. "तुमचं स्थलांतर कसं होतं?" असं विचारलं की माणूस भाषण करतो. "पहिल्या दिवशी काय झालं?" असं विचारलं की विमानतळावरची थंडी आठवते, खिशातले डॉलर आठवतात, कोण घ्यायला आलं नाही ते आठवतं. पण प्रश्न कितीही चांगला असला तरी त्याला भिंती असतातच. इथली भिंत अशी, की गोष्ट पोचल्यापासून सुरू होते. मागे काय सोडलं, कुणाला सोडलं, निघायचे पैसे कुणाच्या घरातून आले, हे ज्याला सांगायचं असेल तो सांगेल. प्रश्न त्याला तिकडे नेणार नाही. चांगल्या संग्रहाने निदान आपला प्रश्न उत्तराच्या शेजारी लिहून ठेवावा, एवढी अपेक्षा आहे. साडा ती पूर्ण करतं: उपक्रमाच्या नावातच प्रश्न आहे.

स्वतःला पानावर आणणं

उर्वशी बुटालिया यांचं 'द अदर साइड ऑफ सायलेन्स' 1998 साली आलं. फाळणीवरचं हे पुस्तक तुम्ही वाचलं नसेल तर या लेखातून एवढी एकच गोष्ट घेऊन जा आणि ते वाचा. 1984 च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हिंसाचारानंतर मदतकार्य करताना त्यांना जुन्या माणसांच्या तोंडी पुन्हा पुन्हा फाळणी ऐकू आली आणि त्या लोकांशी बोलायला लागल्या.

पण पुस्तक सुरू होतं ते त्यांच्याच घरापासून. त्यांचा सख्खा मामा फाळणीनंतर लाहोरलाच राहिला, मुसलमान झाला. आईच्या कुटुंबाने त्याच्याशी संबंध तोडले. 1987 साली भाची त्याच्या दारात जाऊन उभी राहते. तिथे ती इतिहासकार म्हणून उभी नाही. ती त्या घराची आहे ज्याने त्याला टाकलं. तिला त्याच्याबद्दल माया आहे आणि त्याच्याविषयी घरात ऐकलेला संशयही तिच्यासोबत आलाय. हे सगळं पानावर आहे. त्यामुळे पुढे जेव्हा ती दुसऱ्यांच्या घरात टेपरेकॉर्डर घेऊन बसते, तेव्हा वाचणाऱ्याला माहीत असतं की समोर कोण बसलंय. कुटुंबाची मुलाखत घ्यायला गेलं की पुरुष बोलतात आणि बायका गप्प होतात किंवा पुरवणी जोडतात, हेही ती लपवत नाही. ती शांतता पुस्तकाचा भाग होते, नावातही येते.

याच पुस्तकात पंजाबातल्या माया राणी या दलित बाईची आठवण आहे. फाळणीच्या दिवसांत ती लहान मुलगी होती. घरं ओस पडली तेव्हा ती आणि तिच्या मैत्रिणी घराघरांतून वस्तू उचलून आणत होत्या. त्यातून तिच्या लग्नाचा संसार जमला. भीती नाही वाटली? नाही, कारण भांडण हिंदू-मुसलमानांचं होतं, आम्हाला कोण मारणार, असा तिचा सूर. फाळणीची गोष्ट हिंदू, मुस्लिम आणि शीख अशा तीनच खणांत मांडली तर या बाईला कुठे ठेवायचं? ती बळी नाही, गुन्हेगार नाही, निर्वासितही नाही. तिची आठवण ऐकताना विचारणारीला आपल्या तयार चौकटीच्या बाहेर थांबावं लागतं. "ते नंतर सांग, फाळणीचं सांग" असं इथे कुणी म्हटलं नाही, म्हणून ती आठवण आज आपल्याकडे आहे.

आपलंच माणूस विचारतं तेव्हा

मराठीत या जातीचं फार महत्त्वाचं काम 1989 मध्ये झालं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला'. आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या बायकांना शोधून, गाठून, त्यांच्याशी बोलून हे पुस्तक उभं राहिलं. पहिल्या भागात चळवळीतल्या बायकांचा इतिहास, दुसऱ्या भागात त्या बायकांच्या मुलाखती आणि जीवनकथा. 2008 मध्ये वंदना सोनाळकर यांच्या इंग्रजी अनुवादाने ते जगभर गेलं.

हे काम कशाच्या विरुद्ध उभं होतं, ते लक्षात घ्यायला हवं. 1927 च्या महाडच्या सत्याग्रहात बायका होत्या. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात दलित महिलांची स्वतंत्र परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. तरी चळवळीचा इतिहास लिहिताना या बायका 'महिलांचीही उपस्थिती लक्षणीय होती' एवढ्या एका वाक्यात संपायच्या. सवर्ण स्त्रियांच्या चळवळीच्या इतिहासात तर तेवढंही वाक्य नसायचं. दोन्ही दारं बंद असताना त्या बायकांकडे जाऊन "तुम्ही काय केलंत?" असं विचारणं, हीच मुळात राजकीय कृती होती. शीर्षकातला 'ही' म्हणून महत्त्वाचा. तो तक्रारीचा नाही, हक्काचा आहे.

इथे विचारणाऱ्या दोघी त्याच समाजातल्या, त्याच चळवळीतल्या. ऑगस्टस लॅडसनचा फायदा त्यांना मिळाला: काही गोष्टी बोलायला सांगणारीला घाबरावं लागलं नाही, समजावून सांगावं लागलं नाही. पण कुणी आपल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या असतील तर त्यांना एक वाक्य नक्की ओळखीचं असेल, "तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे." आपलं माणूस विचारत असलं की अर्ध्या गोष्टी सांगितल्याच जात नाहीत, कारण त्या सांगायची गरज वाटत नाही. आणि ज्या चळवळीने आपल्याला माणूस केलं, तिच्याबद्दलची घरातली तक्रार, नवरा सभेला जायचा आणि चूल मीच सांभाळायची अशी, ती चळवळीतल्याच बाईसमोर, रेकॉर्डवर, किती सांगायची? हा या पुस्तकाचा दोष नाही. परक्याला गोष्ट लपवली जाते, तर आपल्याला ती गृहीत धरली जाते. एवढं लक्षात ठेवून पुस्तक वाचलं की कुठे बाई क्षणभर थांबली असेल, याचा अंदाज येऊ लागतो.

चूक म्हणजे काय

आजीच्या फाइलमध्ये अजून एक जागा आहे. ती म्हणते की आजोबा संपाच्या वर्षी गेले. मागून माझ्या चुलतभावाचा आवाज येतो, "अगं आजी, ते आधीच गेले होते." तो बरोबर आहे. आजोबा 1979 मध्ये गेले. आजी त्याच्याकडे लक्षच देत नाही.

आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाने नेमक्या अशाच चुकीवर एक सुंदर निबंध लिहिलाय. तेर्नी या पोलादाच्या कारखान्याच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार 17 मार्च 1949 रोजी पोलिसांकडून मारला गेला. इटलीने नाटोत जाऊ नये म्हणून निघालेल्या निदर्शनात. पण पुढे गावातले कितीतरी लोक सांगत, की तो 1953 मध्ये मेला, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या रस्त्यावरच्या लढाईत. कागदपत्रं समोर होती, तरी आठवण सरकली होती. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून विषय संपवला नाही. ती का झाली, हे विचारलं. लांबच्या एका करारावरून झालेल्या निदर्शनात आपला सोबती मेला, याला गावाच्या मनात पुरेसं वजन नव्हतं. रोजीरोटीच्या लढाईत मेला, याला होतं. म्हणून गावाने त्याचं मरण हलवून तिथे नेऊन ठेवलं.

आजीचं तेच असावं, असं मला आता वाटतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. खानावळीचे मेंबर गावाला निघून गेले आणि आजीच्या वहीतली उधारी वहीतच राहिली. नवरा आधीच गेला होता, पण घर तेव्हा बसलं. तिच्या हिशेबात ती एकच घटना होती. चुलतभावाने तारीख दुरुस्त केली आणि मी ती दुरुस्ती प्रोजेक्टमध्ये लिहिली. आजीचं म्हणणं काय होतं, ते दोघांनीही विचारलं नाही.

शंभर आवाज आणि एक चूल

गिरणगावावर नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' 2004 मध्ये आलं. मुंबईच्या कामगार वस्तीच्या मौखिक इतिहासाचं हे मोठं काम. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेल्या माणसांनी शंभर वर्षांत जे शहर उभं केलं, ते त्यांच्याच बोलण्यातून. दोघीही गिरणी कामगारांच्या लढ्यात स्वतः उतरलेल्या. म्हणजे ऐकणाऱ्या कोण होत्या, हे वाचकाला माहीत असतं.

या पुस्तकाची मोठी ताकद म्हणजे त्यातली भांडणं. कम्युनिस्ट, शिवसैनिक, सामंतांचे कार्यकर्ते, साधे कामगार एकाच घटनेबद्दल वेगवेगळं सांगतात आणि पुस्तक त्यांच्यात समेट घडवत नाही. समाजाचा इतिहास 'जपायचा' म्हटलं की आपण नकळत त्याला एकसूरी करतो: आम्ही कष्टाळू, आम्ही एकोप्याने राहायचो. इथे तसं होत नाही. तक्रार करायची तर एवढीच, की उत्तरांच्या मागचे प्रश्न मला पानावर हवे होते. शंभर लोकांना काय विचारलं, कुणाला काय विचारलं नाही, हे कळलं असतं तर पुस्तक अजून उघडं झालं असतं. प्रश्न काढले की मजकूर वाहता होतो, वाचायला सोपा जातो. पण बोललेली गोष्ट आपोआप, एकटीच उगवली, असा भास तयार होतो.

गिरणगावाबद्दल बोलताना आपण प्रश्न कामगाराला विचारतो, आणि कामगार म्हटलं की गिरणीच्या गेटमधून आत जाणारा पुरुष डोळ्यांपुढे येतो. आत काम करणाऱ्या बायका निदान चर्चेत आल्या. गेटबाहेर, चुलीपुढे बसून त्या पुरुषांच्या तीन पाळ्यांना जेवू घालणाऱ्या बायका उशिरा आल्या. बायको-मुलं गावाला ठेवून आलेला एकटा चाकरमानी खोलीत दहा-पंधराजणांसोबत राहायचा आणि एखाद्या बाईकडे महिन्याने जेवायचा. पगार झाला की पैसे. तोवर धान्य, रॉकेल तिने उधारीवर आणायचं, सावकाराकडून व्याजाने उचलायचं. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना सावकारापासून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठीच. म्हणजे अडीच लाखांच्या संपाला पहिल्या काही महिन्यांत उधार देणाऱ्यांमध्ये या बायका होत्या. त्यांच्या वह्या संपाचा हिशेब होत्या. आमच्या घरातली वही रद्दीत गेली.

मी हे सगळं नंतर वाचलं. आजीसमोर बसले होते तेव्हा मला वाटत होतं, गिरणी संपाचा इतिहास मैदानात झाला आणि आजी त्याची लांबची साक्षीदार आहे. इतिहास त्या खोलीतच होता. तो मंगळसूत्रापर्यंत येऊन थांबला होता आणि मी त्याला मैदानात जायला सांगितलं.

फोन पुढ्यात ठेवण्याआधी

आता रेकॉर्डर सगळ्यांच्या खिशात आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात कुणीतरी गाव सोडून, भाषा सोडून, कधी नाव बदलून आलेलं आहे. ती फाइल तुम्ही करणार असाल तर नुसतं 'आवाज जपा' असं मी म्हणणार नाही. आतापर्यंत पाहिलेल्या कामांतून मला मिळालेलं सांगते.

स्वतःचा आवाज कापू नका. तुमचा चुकलेला प्रश्न, घाई, मध्ये बोलणं, सगळं राहू द्या. पुढे ऐकणाऱ्याला त्यावरूनच कळेल की आजी तिथे का थांबली. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा आणि खोलीत कोण कोण आहे ते बोला. सून बसली असेल तर तेही. तुम्हाला हवी ती गोष्ट लहान प्रश्नाने विचारा आणि मग त्यांना हवी ती गोष्ट येऊ द्या. तारीख चुकली तर मध्येच दुरुस्त करू नका. नंतर लिहून ठेवा. हे कुणाला ऐकवलेलं चालेल, हे त्यांनाच विचारा, कारण घरच्या ग्रुपवर टाकलेली फाइल परत घेता येत नाही. आणि एक प्रत फोनच्या बाहेर ठेवा.

माझी फाइल मी एकदा 'साफ' केली होती. माझे प्रश्न काढून, आजीचं बोलणं सलग जोडून, आठ मिनिटांची. तिच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांना पाठवली. सगळे रडले. फार सुंदर झाली होती. तिच्यात आजी संपाबद्दल बोलता बोलता आपणहून सामंतांच्या सभेकडे वळते, जणू तिला तेच सांगायचं होतं.

ती आठ मिनिटांची फाइल मी अलीकडे पुसून टाकली. घरातल्या सगळ्यांना आता मूळची पाठवली आहे, माझ्या आवाजासकट. चुलत आत्याचा दुसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाली, "सातव्या मिनिटाला तू तिला थांबवलंस ना, त्याच्या पुढचं मला थोडं माहीत आहे. ये एकदा घरी."

रविवारी जाणार आहे. फोन चार्ज करून ठेवलाय. ती दारात उभी राहून जे सांगायला सुरुवात करेल, तिथूनच ऐकणार आहे.